लिंक टाकली, पुढे काय?

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे जुन्या मंदिरांचं, कोरीव दगडी स्तंभाचं आणि बारवेचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचं गाव. अशा गावांवर आपण वार्ताहर वर्षानुवर्षे एकाच साच्यातली बातमी लिहीत आलो. मथळा ‘दुर्लक्षित वारसा’, खाली पडझडीचा फोटो, शेवटी पुरातत्त्व खात्याकडे मागणी. बातमी खरीच असायची. पण वाचणाऱ्याच्या हातात करण्यासारखं ती काही देत नव्हती.

२०२० पासून रोहन काळे यांच्या ‘महाराष्ट्र बारव मोहिमे’नं तेच काम उलट्या बाजूनं सुरू केलं. समाजमाध्यमांवरून लोकांना साधं विचारलं : तुमच्या गावात बारव आहे का? असेल तर फोटो आणि ठिकाण पाठवा. आलेली ठिकाणं सर्वांना दिसतील अशी नकाशावर चढत गेली आणि नोंदींचा आकडा हजारापलीकडे गेला. परभणी जिल्ह्यातच, सेलू तालुक्यातल्या वालूरला, गाळाखाली गेलेली गोलाकार पायऱ्यांची बारव लोकांनी श्रमदानातून मोकळी केली. महाशिवरात्रीला बारवांमध्ये दिवे लागू लागले.

ही पत्रकारिता नव्हे. पण वाचकाला सोबत घेणं म्हणजे काय, ते इथं आपल्यापेक्षा जास्त दिसलं, हे मान्य करायला हवं. प्रश्न नेमका होता, गावातल्या कुणालाही उत्तर देता येईल असा. उत्तर पडताळता येत होतं. आणि पाठवलेल्या माहितीचं काय झालं, हे पाठवणाऱ्याला दिसत होतं. आपले बहुतेक ग्रुप आणि पेज म्हणजे नुसते सूचनाफलक आहेत. सकाळी ई-पेपर, दुपारी लिंक, संध्याकाळी नेत्याच्या वाढदिवसाचं बॅनर. खाली कुणी ‘आमच्या गावची विजेची डीपी जळून आठ दिवस झाले’ असं लिहिलं तर त्याला साधं उत्तरही जात नाही.

तसा नेमका प्रश्न आपल्यालाही विचारता येतो. पावसाचंच घ्या. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. पण मोजणी होते महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर. मंडळाच्या एका टोकाला ओढे फुटतात, दुसऱ्या टोकाला भुरभुर. तालुका प्रतिनिधीनं त्याच संध्याकाळी ग्रुपवर विचारावं : तुमच्या शिवारात पाऊस किती वाजता सुरू झाला, किती वेळ पडला, ओढ्याचं पाणी कुठपर्यंत आलं? गावाचं नाव आणि वेळेसह फोटो पाठवा. सकाळी हाती आलेली उत्तरं महसूल मंडळाच्या आकड्याशेजारी मांडली की तहसीलदारांना विचारण्यासारखा प्रश्न तयार होतो. मग तहसीलदारांचं उत्तर त्याच ग्रुपवर परत गेलं पाहिजे. आपण नेमके इथेच थांबतो.

पडताळणीशिवाय मात्र हे पाऊल टाकू नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावानं भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. अशा अफवा तेव्हा मोबाइलवरूनच गावोगाव फिरत होत्या. आलेला फोटो कुठला, कधीचा, पाठवणारा स्वतः तिथं होता का, हे फोन लावून विचारल्याशिवाय तो पुढे ढकलू नये. गावच्या वार्ताहराला हे शहरातल्या डेस्कपेक्षा सहज जमतं. त्याला माणसं ठाऊक असतात.

आता मालक-संपादकांना. तालुक्याचा वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर बातमी देतो, जाहिरात आणतो, अनेक ठिकाणी वसुलीही करतो. त्याच्याकडे फॉलोअर वाढवण्याचा तगादा लावायचा आणि उत्तरं देण्याचा वेळ मात्र कामात धरायचा नाही, हे अन्यायाचं आहे. वाचकाच्या निरोपाला उत्तर देणं, फोन लावून खातरजमा करणं हे बातमीदारीचंच काम आहे आणि त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. नव्या वर्षाच्या मानधनाच्या बोलणीत हा मुद्दा प्रत्येक तालुका प्रतिनिधीनं लेखी मांडावा.