फी व्याकरणाची नाही, बोलण्याची घ्या

भंडारा, तुमसर, साकोलीत स्पोकन इंग्लिशचा क्लास काढायचा विचार करताय? मग माझं स्पष्ट मत ऐका. पोरं फी व्याकरणाची देत नाहीत, बोलता येण्याची देतात. राज्यात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू होतं, तरी बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही.

हिशोब करा. २० जणांच्या बॅचमध्ये एकेकाला उभं केलं, तर तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला ३ मिनिटं. जोड्या लावल्या, तर एकाच वेळी १० जण बोलतात.

तुलना शिकवायचीय? आपलं भंडारा पितळेच्या भांड्यांचं. टेबलावर एक पितळेचा आणि एक स्टीलचा लोटा ठेवा. एक जण दुकानदार, दुसरा गिऱ्हाईक. ‘स्टील इज चीपर.’ ‘बट ब्रास इज हेवियर!’ एकदा वापरलेलं विशेषण पुन्हा नाही. अडकला तो हरला. मग अदलाबदल.

चूक कुठे होणार तेही सांगतो. मराठीत ‘पेक्षा’ लावलं की झालं, ‘जड’ जडच राहतं. इंग्रजीत ‘हेवी’चं ‘हेवियर’ होतं, ‘ब्यूटिफुल’ला मात्र आधी ‘मोअर’ लागतं. म्हणून ‘मोअर हेवियर’ ऐकू येणारच. मध्येच टोकू नका. खेळ संपल्यावर तीन चुका फळ्यावर घ्या.

काही पालक विचारतील, ‘खेळायला पाठवतो काय?’ त्यांना शेवटची १० मिनिटं वर्गात बसवा. आपलं पोरगं बोलताना त्यांनी ऐकलं, की पॅम्फ्लेटपेक्षा मोठी जाहिरात झाली!