विश्लेषण : टेनिस रॅकेटची पॉलिएस्टर तार न तुटताच ‘मरते’ म्हणजे काय?

कार्लोस अल्कराझ आणि यानिक सिन्नर यांच्यातील २०२५ च्या फ्रेंच खुल्या टेनिस स्पर्धेची अंतिम लढत पाच तास २९ मिनिटे चालली. टेनिसमध्ये पहिल्या सात आणि नंतर दर नऊ गेमनंतर चेंडू बदलले जातात. नवे चेंडू आले की बरेच अव्वल खेळाडू रॅकेटही बदलतात, तार तुटलेली नसली तरी. आपल्याकडच्या क्लबांमध्ये मात्र हीच पॉलिएस्टर तार ‘टिकाऊ’ म्हणून बसवली जाते आणि तुटेपर्यंत, कधी कधी वर्षभर, वापरली जाते. या दोन सवयींमधले अंतर समजले, की तार निवडणे बरेच सोपे होते.

ही तार टेनिसमध्ये रुजली कशी?

रॅकेटला तारा बसवण्याला आपण ‘गटिंग’ म्हणतो. त्यातला ‘गट’ म्हणजे आतडे. (मांजराचे नव्हे, गाई-मेंढ्यांचे.) बाबोलाट ही फ्रेंच कंपनी १८७५ पासून अशा तारा बनवते. नंतर स्वस्त नायलॉन आले. चित्र पालटले ते १९९७ मध्ये. जागतिक क्रमवारीत ६६व्या स्थानावर असलेल्या ब्राझीलच्या गुस्तावो कुएर्तनने फ्रेंच स्पर्धा जिंकली, तीही मुस्टर, काफेल्निकोव्ह आणि ब्रुगेरा या तीन माजी विजेत्यांना हरवून. त्याच्या रॅकेटमध्ये बेल्जियमच्या लक्सिलॉन कंपनीची पॉलिएस्टर तार होती. २००२ मध्ये आंद्रे आगासीही तिच्याकडे वळला. पीट सॅम्प्रस मात्र कारकीर्दीच्या अखेरपर्यंत आतड्याच्या तारेवरच राहिला.

फिरकी नेमकी येते कुठून?

खरखरीत तार चेंडूला धरून ठेवते, हा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात काम करतो तो गुळगुळीतपणा. चेंडू जाळीवर जेमतेम चार-पाच मिलिसेकंद असतो. तेवढ्यात उभ्या तारा आडव्या तारांवरून बाजूला सरकतात आणि चेंडू सुटण्याआधी झटक्याने जागेवर येतात. हा परतीचा झटका चेंडूला जास्तीची फिरकी देतो. पॉलिएस्टर कडक आणि निसरडे असल्याने हा झटका चांगला बसतो. नायलॉनच्या तारा घर्षणामुळे बाजूलाच अडकून राहतात. पंचकोनी, अष्टकोनी तारांच्या धारांचा गाजावाजा मोठा असतो, पण त्या धारा खेळता खेळता झिजतात. तार आडव्या तारांवरून किती सहज घसरते, हे जास्त महत्त्वाचे.

तारा सरकू दिल्या तर काय होते, हे टेनिसने १९७७ मध्येच पाहिले होते. दुहेरी जाळीच्या ‘स्पॅगेटी’ रॅकेटने इली नास्तासे खेळत असताना गिलेर्मो व्हिलास वैतागून सामना अर्धवट सोडून गेला आणि क्ले कोर्टवरील त्याची सलग ५३ विजयांची मालिका तिथेच संपली. आंतरराष्ट्रीय महासंघाने त्या रॅकेटवर लगेच बंदी घातली. पॉलिएस्टरने त्याच तत्त्वाचा बराचसा फायदा नियमात बसून मिळवून दिला.

नियंत्रणाचे कोडेही यातच सुटते. ही तार चेंडूला स्वतःहून फारसा वेग देत नाही. त्यामुळे खेळाडू पूर्ण ताकदीने हात फिरवू शकतो आणि टॉपस्पिनमुळे चेंडू बेसलाइनच्या आत उतरतो. यात हात वेगाने फिरणे गृहीत आहे. हळू फटका मारणाऱ्याच्या तारा पुरेशा सरकतच नाहीत. त्याच्या वाट्याला उरतो तो फक्त कडकपणा.

मग टिकाऊपणाचे काय?

इथे शब्दच फसवतो. पॉलिएस्टर उशिरा तुटते, पण लवकर मरते. गटिंग करून रॅकेट नुसती भिंतीला टांगली तरी पहिल्या दिवसापासून ताण उतरू लागतो. खेळताना उभ्या तारांवर खाचा पडतात, घसरण संपते, चेंडू अकारण लांब जाऊ लागतो. ओळखायची खूण सोपी आहे : ताजी तार फटक्यानंतर आपोआप सरळ होते. गुणांच्या मध्ये बोटांनी तारा सरळ कराव्या लागत असतील, तर तार गेली. नियमित खेळणाऱ्यांसाठी १५-२० तासांचा हिशेब बरा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या रॅकेटला तोही लागू नाही, कारण उष्णतेने ताण आणखी उतरतो.

ताण आणि जाडी किती?

यावर व्यावसायिकांचेही एकमत नाही. सिन्नर २८ किलोंच्या आसपास ताण ठेवतो, तर फ्रान्सचा आद्रियां मानारिनो त्याच्या निम्म्याहूनही कमी. सर्वसाधारण खेळाडूने नायलॉनला ठेवतो त्यापेक्षा पाच ते दहा टक्के कमी ठेवावा. आधी ५५ पौंड असेल तर ५० ते ५२. जाडीत १.२५ मिमी हा मधला मार्ग. वारंवार तार तोडणाऱ्यांनी १.३० घ्यावी. नदाल १.३५ वापरत असे, पण त्याचा फोरहँडही तसाच होता.

मुलांना, हौशी खेळाडूंना चालते का?

दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या रॅकेटमध्ये पूर्ण पॉलिएस्टर भरणे हा निव्वळ अनुकरणाचा हव्यास आहे. २०० मीटरचे रीळ, एका रॅकेटला साधारण १२ मीटर, म्हणजे १६ रॅकेट. दुकानदाराला आणि अकादमीला हे परवडते. पण कडक तारेचा, त्यातही मेलेल्या तारेचा, धक्का मनगट आणि कोपरावर येतो. ज्या मुलाची तार तुटतच नाही, त्याला नायलॉनची बहुतंतू तार पुरते. आठवड्यातून दोनदा डबल्स खेळणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्यांनाही तेच लागू, विशेषतः कोपर आधीच दुखत असेल तर.

मधला पर्याय मिश्र गटिंगचा. उभी पॉलिएस्टर आणि आडवी मऊ नायलॉन घेतली तर फिरकी बऱ्यापैकी राहते आणि हाताला आराम मिळतो. फेडररची मांडणी उलटी होती : उभी आतड्याची, आडवी पॉलिएस्टर. ती उत्तम, पण महाग. शिवाय आतड्याच्या तारेला ओल सोसत नाही, त्यामुळे मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती बसवण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागतो.