कॅमेरा कोणाचा, नजर कोणाची?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जा किंवा धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरला दीक्षाभूमीवर जा, आज जवळपास प्रत्येक हातात मोबाईल दिसतो आणि प्रत्येक मोबाईलमध्ये कॅमेरा असतो. आमचे काही तरुण तर कर्ज काढून मोठे कॅमेरेही घेऊ लागले आहेत. ही आनंदाची बाब आहे. या तरुणांमध्ये एक वाद नेहमी रंगतो. चांगला फोटो कॅमेऱ्यामुळे येतो की काढणाऱ्याच्या कौशल्यामुळे? जाणकार म्हणवणारे लगेच निकाल देतात, कॅमेरा हे नुसते यंत्र आहे, खरी ती नजर. हे उत्तर खोटे नाही, परंतु ते अर्धेच आहे आणि आपल्यासारख्या समाजाला अर्ध्या उत्तरावर समाधान मानता येणार नाही.

कॅमेरा गौण आहे असे म्हणणे त्यालाच परवडते, ज्याच्या घरात तो पिढ्यान्पिढ्या आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. लाखोंचा जनसागर लोटला होता. त्या महायात्रेचे चित्रीकरण आज आपण पाहू शकतो ते नामदेवराव व्हटकर यांच्यामुळे. मालमत्ता गहाण टाकून त्यांनी त्यासाठी पैसा उभा केला. कोणता क्षण जपायचा हे त्यांच्या नजरेला कळत होते, पण रीळ आणि कॅमेरा मिळाला नसता तर ती नजर काय करू शकली असती? साधनांची मालकी हा प्रश्न कलेच्या बाहेरचा नाही.

शिवाय यंत्र तटस्थ असते हाही एक भ्रम आहे. अमेरिकेतील कोडॅक कंपनीची रंगीत फिल्म कित्येक वर्षे गोऱ्या कातडीचा रंग प्रमाण मानून तयार होत असे. फोटो छापताना रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना जे नमुनाचित्र दिले जाई, त्यावर गोरी स्त्री असे. परिणामी काळ्या माणसाचा चेहरा गोऱ्यांच्या शेजारी काळोखात बुडून जाई. फिल्ममध्ये पुढे सुधारणा झाली. पण अभ्यासकांनी नोंदवले आहे की, आधी तक्रारी केल्या त्या चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या कंपन्यांनी, कारण त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत नीट उमटत नव्हत्या. माणसांच्या चेहऱ्यापेक्षा चॉकलेटचा रंग महत्त्वाचा ठरला! व्यवस्थेचा भेदभाव यंत्रातही कसा उतरतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधायला नको.

असे असूनही कौशल्याला पर्याय नाही, हेही तितकेच खरे. गॉर्डन पार्क्स हा कृष्णवर्णीय तरुण गरिबीत वाढला. गहाणवटीच्या दुकानातून त्याने एक वापरलेला कॅमेरा विकत घेतला आणि तो स्वतःच फोटो काढायला शिकला. १९४२ मध्ये तो वॉशिंग्टनला सरकारी खात्यात छायाचित्रकार म्हणून रुजू झाला, तेव्हा राजधानीतल्या दुकानांनी आणि उपाहारगृहांनी त्याला वर्णामुळे दाराबाहेर ठेवले. त्याच सरकारी इमारतीत एला वॉटसन नावाची कृष्णवर्णीय स्त्री झाडलोट करीत असे. पार्क्सने तिचे जगणे आधी समजून घेतले आणि मग एका हाताशी झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा दांडा आणि पाठीमागे अमेरिकेचा राष्ट्रध्वज, असे तिला उभे केले. देशाच्या लोकशाहीचा पंचनामा एका फोटोत झाला. पुढे त्याने आपल्या आत्मचरित्राला 'शस्त्राची निवड' अशा अर्थाचे नाव दिले. त्याने निवडलेले शस्त्र कॅमेरा होते.

आपल्या मुंबईतही हेच घडले. भारी कॅमेरे गळ्यात अडकवून फिरणाऱ्यांची या शहरात कधीच वाण नव्हती. मरीन ड्राईव्हचे, नटनट्यांचे फोटो भरपूर निघाले. पण गटारात उतरणारा, कचऱ्याच्या ढिगात उभा असलेला महापालिकेचा सफाई कामगार त्यांना दिसला नाही. सुधारक ओलवे यांना तो दिसला. त्यांनी या कामगारांच्या कामाचे, घराचे, आजारपणाचे कृष्णधवल फोटो वर्षानुवर्षे काढले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत कामगाराची कीव नाही, माणूस म्हणून त्याची ओळख आहे. हे कौशल्य कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

मग नुसते कौशल्य पुरेसे आहे काय? ११ जुलै २०१६ ला गुजरातमधील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना तथाकथित गोरक्षकांनी अर्धनग्न करून मारले. त्याचे चित्रीकरण मारणाऱ्यांनीच केले आणि मर्दुमकी म्हणून पसरवले. २५ मे २०२० ला अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात पोलिसाने जॉर्ज फ्लॉईडची मान गुडघ्याखाली दाबून त्याचा जीव घेतला. पोलिसांचे पहिले निवेदन त्या मृत्यूला वैद्यकीय घटना म्हणत होते. एका १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने मोबाईलवर घेतलेल्या चित्रीकरणाने ते खोटे पाडले. २०२१ मध्ये तो पोलीस दोषी ठरला. दोन्हीकडे साधन एकच, मोबाईल. कलेचे शिक्षण कोणाचेच नाही. फरक होता तो कोण कोणाच्या बाजूने उभा आहे याचा. उनाच्या चित्रीकरणाचा अर्थही शेवटी समाजाने उलटवला. मेलेली जनावरे सरकारी कचेरीसमोर टाकून गुजरातच्या दलितांनी त्याला उत्तर दिले.

तेव्हा आज कॅमेरा आपल्या हाती आला आहे, तर नजरेबरोबर शिस्तही आली पाहिजे. अत्याचाराची बातमी येताच मृतदेहाचे, पीडित भगिनीचे फोटो गटागटांतून फिरवले जातात. हा संताप नव्हे, ही दुसऱ्यांदा केलेली विटंबना आहे. फोटो काढावा, पण तो तपास अधिकाऱ्याकडे, वकिलाकडे जावा. व्हॉट्सअपवरून फिरलेल्या फोटोत मूळ तपशील राहत नाहीत, म्हणून मूळ फाईल आणि मूळ मोबाईल जपून ठेवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्याच्या प्रतीसोबत ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५-अ (१०) तर सांगते की, या गुन्ह्यांसंबंधीच्या सर्व कार्यवाहीचे चित्रीकरण झाले पाहिजे. आपल्यापैकी किती जण ही मागणी लेखी करतात? कॅमेरा चालवण्याचे सरकारचे कर्तव्य त्याला करायला लावणे, हेही एक कौशल्यच आहे.

आणखी एक साधे काम प्रत्येक घरात करता येईल. जुन्या मोर्चांचे, परिषदांचे, नामांतर लढ्याचे फोटो पेट्यांत पडून आहेत. त्यांवर ना तारीख आहे, ना गाव, ना नावे. त्या फोटोंतील माणसे ओळखणारी पिढी एकेक करून निघून जात आहे. या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवावे आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहून घ्यावीत. त्यासाठी नवा कॅमेरा लागत नाही. व्हटकरांनी गहाण टाकून जे जपले, ते आपण निष्काळजीपणाने गमावले, तर पुढची पिढी आपल्याला माफ करणार नाही.

जयभीम!