भाग जातो, पण का?

'आर्ट्सला आलास, बरे झाले. गणिताच्या कटकटीतून सुटलास!' प्रवेश घेतल्यापासून हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे शिकलेली माणसे सांगतील ते खरे मानण्याची मला सवय. पण हे वाक्य मला पटेनासे झाले आहे.

आठवीत असताना सरांनी मला फळ्यावर ८० ते १०० मधील मूळ संख्या लिहायला सांगितल्या. मी ८३, ८९, ९१, ९७ असे लिहिले. सरांनी ९१ वर काट मारली आणि 'पाठ करून ये' म्हणून जागेवर बसवले. वर्ग हसला. का चुकले ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

त्याच उन्हाळ्यात आई अंगणात गोवऱ्या थापत होती. आईला अक्षरओळख नाही. "किती झाल्या गं?" मी विचारले. "तेरा तेराच्या सात रांगा. आता तूच मोज, शाळंत जातोस न्हवं?" तेरा साते एक्याण्णव! मी तिथेच थबकलो. सारख्या रांगांत मांडता येते ती संयुक्त संख्या. एकाच लांबलचक रांगेवाचून जी मांडताच येत नाही, ती मूळ. रांगा ७ आणि रांगेत १३, हे ९१ चे विभाजक. तेराचा पाढा म्हणजे एकेक रांग वाढवत जाणे. १३, २६, ३९ हे सारे तेराचे विभाज्य. फळ्यावर न कळलेले अंगणात कळले.

मग ९७ मूळ कशावरून? ९६ पर्यंतच्या प्रत्येक संख्येने भागून पाहायचे का? मुळीच नाही. ९७ हा दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर दोन्ही संख्या १० किंवा त्याहून मोठ्या असू शकत नाहीत. कारण दाही दाही शंभर होतात. म्हणजे एक तरी दहाच्या आत हवी. म्हणून २, ३, ५ आणि ७ या चार मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. एकानेही भाग जात नाही, तेव्हा ९७ मूळ. ९१ ला मात्र सातानेच पकडले असते.

तीनची कसोटी सर्वांना पाठ असते: अंकांची बेरीज करा. पण का? ५७ मध्ये पाच दशक आहेत. प्रत्येक दशकातून ९ काढले की १ उरतो. नवाला तीनने भाग जातोच. उरले ५ आणि ७, म्हणजे १२. बाराला भाग जातो, म्हणून ५७ लाही जातो. एवढे सांगायला किती वेळ लागतो?

आज माझे मित्र स्पर्धा परीक्षांसाठी अशाच 'ट्रिक्स' घोकतात. परीक्षा संपली की ट्रिक विसरते. विभाजक तर खिशातला मोबाईलही सांगतो. 'का' मात्र आपणच विचारावे लागते.

कोणी म्हणेल, हे विद्वानांचे काम. पण देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. तरी १९४९ साली त्यांनी शोधलेला ६१७४ हा अंक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. (त्याचे मूळ अवयव पाडून पाहा: एक २, दोन ३ आणि तीन ७!) कितीही मोठी संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट आणि हमखास ठरवणारी रीत २००२ साली कानपूरच्या आय.आय.टी.त मनींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल व नितीन सक्सेना या आपल्या दोन विद्यार्थ्यांसह शोधली.

मित्रहो, इतिहासातली सनावळी मला ग्रंथावर विश्वास ठेवून घ्यावी लागते. पण ९१ मूळ नाही, हे पटवून घ्यायला ना ग्रंथ लागतो, ना सरांचा शिक्का. मूठभर चिंचोके पुरतात. ज्यांच्या घरी विचारायला कोणी शिकलेले नाही, त्या आमच्यासारख्यांना ही केवढी मोठी सोय आहे! ती आपण भीतीपोटी सोडून देऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

आणि हो, ११९ मूळ आहे का? उत्तर कोणाला विचारू नका. मांडून पाहा.

— द्वितीय वर्ष, कला