अर्ध्या वेळेचा हिशेब



'अर्धवेळ कामगाराला निम्मा पगार, हिशेब सरळ आहे' असे गेल्या अंकातले पत्र म्हणते. तो सरळ नाही. महाराष्ट्राच्या किमान वेतन अधिसूचनांत महिन्याचा दर ३० ने नव्हे, २६ ने भागतात, मग ८ तासांनी, आणि अर्धवेळ माणसासाठी त्यावर १५ टक्के वाढ. समजा दर १३,००० आहे, तर तासाला ७१ रुपये ८८ पैसे. रोज ४ तास, २६ दिवस म्हणजे सुमारे ७,४७५; पत्रलेखकांच्या हिशेबाने ६,५००. ही वाढ मेहेरबानी नव्हे. दापोडीहून भोसरीला अर्धवेळ झाडलोटीला जाणारी माझी वहिनी रिक्षाचे भाडे मात्र पूर्णच मोजते. तिच्या पगाराच्या पाकिटावर पेन्सिलीने 'भागिले ३०' लिहिलेले मी पाहिले आहे. वरचा हिशेब मी तिच्या मुकादमाला लिहून दिला. उत्तर अजून आलेले नाही.

— एक वाचक, दापोडी