अशक्य, पण कोणत्या अटींवर?

सहा पलटणी, प्रत्येकीत सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे अधिकारी. या छत्तीस जणांना चौरसात असे उभे करता येईल काय, की प्रत्येक आडव्या व उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा? १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ऑयलरने हे अशक्य मानले आणि १०, १४, १८ अशा, चारने भागल्यास दोन बाकी उरणाऱ्या साऱ्या संख्यांबाबतही तेच अनुमान मांडले. सहाबाबत तो खरा ठरला. मात्र १९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी दोन व सहा वगळता अशा प्रत्येक संख्येसाठी रचना शक्य असल्याचे सिद्ध केले. पुढे २०२२ मध्ये आयआयटी मद्रासच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने सहासाठीही क्वांटम अवस्थांची रचना प्रसिद्ध केली. तारीची १९०१ मधील अशक्यतेची सिद्धता त्याने बाधित झाली नाही. प्रश्नाच्या अटी तेवढ्या बदलल्या.

आपल्या पाठ्यपुस्तकांत टिकलेली प्रमेये असतात, ढासळलेली अनुमाने क्वचितच. तीही शिकवायला हवीत. ‘अशक्य’ हा शब्द कानी पडताच विद्यार्थ्याने विचारावे : हे सिद्ध झाले आहे काय, आणि कोणत्या अटींवर? थोर नाव हा पुरावा नव्हे.