विश्लेषण : ‘गोकू’ची फुकट हाणामारी कुणाच्या परवानगीने?

अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी मंगावर, म्हणजे चित्रकथेवर, अधिकृत गेम ढीगभर आहेत. बंदाई नामको कंपनीने २०१८ मध्ये आणलेला ‘ड्रॅगन बॉल फायटर्झ’ तर स्पर्धांमध्येही खेळला जातो. तरीही ‘हायपर ड्रॅगन बॉल झी’ हा हौशी चाहत्यांनी घडवलेला मोफत गेम अनेक जण आवडीने खेळतात. असे गेम बनतात कसे, कायदा त्यांच्याकडे कसा पाहतो आणि वर्षानुवर्षांची ही मेहनत एका नोटिशीवर का लटकलेली असते, याचा हा आढावा.

हा गेम नेमका काय आहे?

‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळात ‘साप्ताहिक शोनेन जंप’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. आपल्याकडे अनेकांना गोकू आणि व्हेजिटा भेटले ते कार्टून नेटवर्कवर. ‘टीम झी-टू’ या चाहत्यांच्या गटाने हीच पात्रे घेऊन विंडोज संगणकासाठी दोन खेळाडूंच्या झुंजीचा गेम तयार केला. त्याचा बाज नव्वदच्या दशकातील कॅपकॉमच्या आर्केड गेमसारखा आहे. मोठी ठसठशीत पात्रे, पिक्सेल पिक्सेल जोडून काढलेली चित्रे आणि बटणांच्या ठरावीक क्रमाने सुटणारे हल्ले, असा सगळा थाट.

बिनपैशांत गेम बनतो कसा?

यामागे ‘मुगेन’ नावाचे इंजिन आहे. ‘मुगेन’ म्हणजे जपानी भाषेत ‘अमर्याद’. एलेकबाइट या गटाने ते १९९९ मध्ये मोफत उपलब्ध करून दिले. व्यापारी वापर सोडला तर कुणीही त्यात आपली पात्रे घालू शकतो. पात्र म्हणजे काही फायलींचा संच. एकीत चित्रे, दुसरीत आवाज, तिसरीत हालचालींचा क्रम, चौथीत कोणते बटण दाबल्यावर काय घडेल याच्या सूचना.

खरी कसरत पुढे असते. प्रत्येक चित्रावर अदृश्य चौकोन आखावे लागतात. संपादन करताना लाल चौकोन म्हणजे मार देणारा भाग, निळा म्हणजे मार लागू शकणारा भाग. एकाचा लाल दुसऱ्याच्या निळ्याला टेकला की ठोसा लागला. गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने पळतो. म्हणजे सहा फ्रेममध्ये निघणारा ठोसा सेकंदाच्या दहाव्या भागात निघतो. तो तीन फ्रेमवर आणला तर समोरच्याला अडवायला आणखी कमी वेळ उरतो. हा तोल साधण्यात हौशी गटांची वर्षे जातात. चित्रकला, प्रोग्रॅमिंग, ध्वनी आणि चाचणी हे सगळे इथे हाताने शिकावे लागते.

पैसे घेत नाहीत, मग अडचण काय?

‘फुकट आहे, म्हणजे चालते’ हा सर्वांत मोठा गैरसमज. भारतात असा गेम बनवला तर १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू होतो. मूळ कृतीचे रूपांतर करण्याचा आणि ते लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क कलम १४ नुसार हक्कधारकाकडे असतो. कलम ५२ मध्ये खासगी वापर, टीका, समीक्षा अशांसाठी सवलत आहे. पण इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवलेला गेम खासगी वापरात बसवणे कठीण.

जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. व्यापारी लाभासाठी केले नसेल, तर न्यायालय कारण नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. थोडक्यात, फुकट वाटल्याने शिक्षा सौम्य होऊ शकते, उल्लंघन पुसले जात नाही.

मग जपानमध्ये हे कसे चालते?

तिथे ‘दोजिन’ म्हणजे हौशी निर्मितीची जुनी परंपरा आहे. तिचा मोठा मेळा ‘कॉमिकेट’ १९७५ पासून भरतो आणि गाजलेल्या पात्रांवर चाहत्यांनी काढलेल्या चित्रकथा तिथे उघड विकल्या जातात. जपानी कायद्यात अशा प्रकरणी सहसा हक्कधारकाने तक्रार केल्यावरच खटला उभा राहतो. २०१८ च्या अखेरीस काही गुन्ह्यांना तक्रारीची अट काढली गेली, पण ती मुख्यतः मूळ कृती जशीच्या तशी नफ्यासाठी विकणाऱ्यांसाठी. प्रकाशक बहुधा डोळेझाक करतात, कारण आजचा हौशी चित्रकार उद्याचा व्यावसायिक असू शकतो. मात्र डोळेझाक ही परवानगी नव्हे.

कंपन्या एरवी कशा वागतात?

फाइटिंग गेमचेच उदाहरण घ्यायचे तर हास्ब्रोच्या ‘माय लिटल पोनी’वरील चाहत्यांचा गेम २०१३ मध्ये कंपनीच्या नोटिशीमुळे थांबला. पण त्या मालिकेच्या निर्मात्या लॉरेन फॉस्ट यांनी गटाला नवी पात्रे रेखाटून दिली आणि २०२० मध्ये ‘देम्स फाइटिन हर्ड्स’ हा स्वतंत्र गेम पूर्णत्वास गेला. कॅपकॉमने उलटी वाट धरली. चाहत्याने बनवलेला ‘स्ट्रीट फायटर एक्स मेगा मॅन’ कंपनीने डिसेंबर २०१२ मध्ये स्वतःच मोफत प्रसिद्ध केला. निन्टेंडोने मात्र ‘मेट्रॉइड’वरील, सुमारे दशकभर राबून केलेला चाहत्याचा गेम २०१६ मध्ये प्रसिद्ध होताच हटवायला लावला. गुन्हा एकाच जातीचा, निकाल तीन तऱ्हांचे.

फोनवर खेळणाऱ्यांनी काय पाहावे?

मूळ गेम संगणकासाठी असताना त्याच नावाची एपीके फाइल कुणी देत असेल, तर ती बनवणाऱ्यांची नसण्याचीच शक्यता जास्त. झुंजीच्या गेमला तुमचे संपर्क, एसएमएस किंवा कॉल-नोंदी लागत नाहीत. तशी परवानगी मागितली तर फाइल काढून टाका. मोफत गेमसाठी पैसे मागणारा दुहेरी लबाडी करतो. तो हक्कधारकालाही लुबाडतो आणि बनवणाऱ्या चाहत्यांनाही.

तोडगा काय?

कायदा बदलण्याची वाट पाहण्याची गरज नाही. प्रकाशकांनी चाहत्यांच्या गेमसाठी चार ओळींचे नियम जाहीर करावेत : पैसे घ्यायचे नाहीत, ‘अनधिकृत’ असे ठळक लिहायचे, अधिकृत गेममधली चित्रे आणि आवाज उचलायचे नाहीत, आणि हटवण्याआधी पूर्वसूचना मिळेल. यात कंपनीचा कोणताही हक्क कमी होत नाही. चाहत्याला मात्र दहा वर्षे घालवण्याआधी कुंपण कुठे आहे ते कळते.

तोवर हौशी निर्मात्यांसाठी शहाणपण एवढेच, की उसन्या पात्रांवर हात बसवावा, पण मोठा प्रकल्प स्वतःच्या पात्रांवर उभारावा. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तोरियामा यांचे निधन २०२४ मध्ये झाले. गोकू मोकळा होण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा स्वतःचा नायक घडवणे केव्हाही लवकर होईल.